चार लाख काउंटचा चालता-फिरता माणूस

निरोगी प्रौढ माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख. सीबीसीच्या रिपोर्टवर काउंट १३,००० आला की आकडा ठळक छापून येतो, घरात कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी मोबाइलवर ‘ल्युकेमिया’ शोधत रात्र काढतं. उलट रक्तविकारांच्या ओपीडीत चार लाख काउंटचा माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो. काय होतंय विचारलं तर सांगतो, ‘डावीकडे पोट जड वाटतं, दोन घासांत भरल्यासारखं होतं.’ कधी तेवढीही तक्रार नसते. विम्यासाठी केलेल्या तपासणीत आकडा अवचित हाती लागतो.

या चार लाखांचा अर्थ लावायचा तर आधी गुणाकार करायला हवा. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर ते झालं ५० लाख घनमिलिमीटर. काउंट ७,००० असेल तर रक्तात फिरणाऱ्या एकूण पांढऱ्या पेशी ३,५०० कोटी. ऐकायला अफाट, पण पेशीचा सरासरी आकार धरून वजन काढलं तर भरतं जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे सराफाकडचा आजचा एक तोळा. काउंट चार लाखांवर गेला की पेशी होतात दोन लाख कोटी आणि वजन जातं अर्ध्या किलोच्या पुढे. एवढा ऐवज त्याच नळ्यांतून, त्याच हृदयाच्या जोरावर फिरत असतो.

मग रक्त दाट होऊन अडकत का नाही? उत्तर जागेच्या हिशेबात आहे. नेहमीच्या रक्तात तांबड्या पेशी सुमारे ४५ टक्के जागा व्यापतात, पांढऱ्या फक्त ०.२ टक्के. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, काउंट चार लाख झाला की पांढऱ्यांचा वाटा १४ टक्क्यांपर्यंत चढतो. पण तोवर अस्थिमज्जेत पांढऱ्यांची गर्दी होऊन तांबड्यांची निर्मिती मंदावलेली असते आणि त्यांचा वाटा ३० टक्क्यांवर उतरलेला असू शकतो. बेरीज करा: ४४. म्हणजे जवळपास पूर्वीइतकीच. एरवी ज्या ॲनिमियाला आपण रोग म्हणतो, त्यानेच इथे रक्त वाहतं ठेवलेलं असतं.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन ९ किंवा १० दिसलं की नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, रक्त चढवायचं का?’ एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं आणि तांबड्यांचा वाटा ३ टक्क्यांनी. दोन पिशव्या चढवल्या की ४४ चे ५० होतात, आणि कसाबसा टिकलेला तोल बिघडतो. म्हणून हिमोग्लोबिन फारच खाली गेलेलं नसेल, तर आधी काउंट उतरवायचा आणि मगच रक्त द्यायचं, अशी पद्धत आहे. चांगल्या हेतूने केलेली घाई इथे महागात पडते.

एक लाखाच्या वरच्या काउंटला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे, हायपरल्युकोसायटोसिस. पण ही एक लाखाची रेघ सगळ्यांना सारखी लागू होत नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियातल्या पेशी लहान आणि लवचिक असतात. तिथे काउंट चार-पाच लाखांवर जाऊनही रक्त अडकण्याची वेळ सहसा येत नाही. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियातल्या अपरिपक्व पेशी मात्र मोठ्या, ताठ आणि चिकट असतात. केशवाहिनीचा व्यास ५ ते ८ मायक्रॉन, पेशीचा बारा-पंधरा किंवा त्याहून जास्त. फुप्फुसात आणि मेंदूत त्या अडकून बसतात. धाप लागते, दिसणं अंधुक होतं, गुंगी येते. अशा रुग्णांपैकी पाचातला एक किंवा त्याहूनही अधिक सुरुवातीच्या काही आठवड्यांतच दगावतात, असे आकडे वारंवार नोंदले गेले आहेत. वेगाचाही प्रश्न आहेच. सीएमएलमध्ये काउंट महिनोन् महिने चढत असतो, शरीराला सावरायला सवड मिळते. अक्यूट प्रकारात ती मिळत नाही.

कॅन्सर नसतानाही हा आकडा जीव घेऊ शकतो. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना रक्ताबाहेर पडू देत नाही. एरवी गाठींकडे गेल्या असत्या त्या पेशी रक्तातच साचत राहतात. तान्ह्या बाळाचा काउंट लाखापार गेला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि बाळाचं रक्त बदलण्याची पाळी येऊ शकते. लस वेळेवर द्या असा डॉक्टरांचा आग्रह असतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

चढलेला प्रत्येक काउंट रोगाचाच, असंही नाही. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून जवळजवळ निम्मे न्यूट्रोफिल बसलेले असतात. रिपोर्टमध्ये ते मोजलेच जात नाहीत. जोराचा व्यायाम, धास्ती, स्टेरॉइडची गोळी यांनी ते सुटून प्रवाहात येतात आणि काउंट चढतो. नवजात बाळाचा काउंट वीस हजार असणं स्वाभाविकच. मूळपेशींच्या दात्यांना तर चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन काउंट मुद्दाम चाळीस-पन्नास हजारांवर नेतात. हाडं ठणकतात, पण इंजेक्शनं थांबली की काही दिवसांत आकडा जागेवर येतो. अस्थिमज्जा एरवीसुद्धा रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल घडवते, तेव्हा हा ताण तिला झेपतो.

खालच्या टोकाला शरीराचा सोशिकपणा लवकर संपतो. डेंग्यूत काउंट दोन-तीन हजारांवर येतो आणि बहुतेकदा आपला आपण सावरतो. पण न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की जंतूंना दार उघडं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दोन-तीन आठवडे ते शून्याच्या आसपास असतात. या दिवसांत जखम झाली तरी पू होत नाही, कारण पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. सूज नाही, गळू नाही, फक्त ताप. म्हणून १०१ फॅरनहाइट दिसलं की तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं असतं.

पूविषयीच एका मोठ्या डॉक्टरची गफलत झाली होती. १८४५ मध्ये एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट यांना मृत रुग्णाचं रक्त पांढुरकं दिसलं, आणि रक्तातच पू झाला असावा असं त्यांना वाटलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये २४ वर्षांच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी असंच रक्त पाहिलं, पण जंतुसंसर्गाशिवाय पेशी वाढल्या आहेत हे ओळखलं. १८४७ मध्ये त्यांनीच ‘ल्युकेमिया’ हे नाव दिलं.

आजही फार वाढलेला काउंट चकवतो. काढलेल्या रक्तातल्या पेशी सिरिंजमध्येसुद्धा ऑक्सिजन संपवत राहतात. नमुना बर्फात ठेवला नाही तर रिपोर्टवर ऑक्सिजन धोकादायक खाली दिसतो, आणि रुग्णाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९७ दाखवत असतो. नाजूक पेशी नळीत फुटल्या तर पोटॅशियमही खोटंच वाढलेलं येतं.

सीएमएलपुरता या आकड्यांचा धाक २००१ मध्ये ओसरला. त्या वर्षी अमेरिकेत इमॅटिनिब ही रोज घ्यायची गोळी मंजूर झाली. मुख्य चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तरुण वयात, बऱ्याचदा चाळिशीच्या आतबाहेर दिसतो, त्यामुळे या टक्क्यांना इथे वेगळंच वजन आहे. गोळी सुरू झाली की काउंट बहुधा काही आठवड्यांत खाली येतो, आणि तिथून पुढे सीबीसीचा उपयोग संपत जातो. बघायचं असतं ते पीसीआर तपासणीत मोजलेलं आजाराच्या खुणेचं प्रमाण: तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या खाली, पुढे ०.१ टक्क्यापर्यंत. तिसऱ्या महिन्यात काउंट ६,००० आणि पीसीआर १२ टक्के, असे दोन रिपोर्ट एकाच माणसाचे असू शकतात. पहिला पाहून घरचे पेढे आणायला निघतात. दुसरा पाहून डॉक्टर विचारतात, ‘गोळी एकही दिवस चुकली नाही ना?’