सीटी व्हॅल्यू १८ आली म्हणजे विषाणू नेमका किती? रिपोर्ट ते सांगतच नव्हता!

आठवतंय? कोरोनाच्या लाटेत फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचे फोटो यायचे आणि सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जायची. 'काकांची सीटी १८ आलीय, ॲडमिट करा.' 'माझी ३२, टेन्शन नाही.' पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा २४ वर आणता येईल का, असं महाराष्ट्र सरकारनेही आयसीएमआरला विचारलं होतं. उत्तर आलं, ३५ च ठेवा.

हा आकडा येतो कुठून?

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनएचा हवा तेवढा तुकडा निवडायचा, मिश्रण तापवायचं, थंड करायचं, की एकाचे दोन होतात. पुन्हा केलं की चार, मग आठ. अशा ३० फेऱ्यांत एकाच तुकड्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होऊ शकतात. यासाठी त्यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं.

पण साध्या पीसीआरमध्ये निकाल शेवटी बघतात. तोवर कच्चा माल संपत आलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला शंभर तुकडे असोत की लाख, शेवटचं चित्र जवळपास सारखंच दिसतं. 'आहे की नाही' कळतं, 'किती' ते नाही.

म्हणून आली रिअल-टाइम पीसीआर. यात प्रती वाढतील तशी चमक वाढते आणि मशीन प्रत्येक फेरीला ती टिपतं. चमक ठरावीक रेषा ओलांडते त्या फेरीचा नंबर म्हणजे सीटी. डीएनए जास्त असेल तर रेषा लवकर ओलांडली जाते, म्हणून सीटी कमी. दर फेरीला दुप्पट धरलं तर १८ आणि २८ मध्ये फरक दहाचा नाही, साधारण हजारपटीचा! (आरटी-पीसीआरमधलं 'आरटी' मात्र रिअल-टाइमचं नाही. कोरोनाचा विषाणू आरएनएचा, त्याचा आधी डीएनए करून घ्यावा लागतो. त्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनचं ते नाव.)

म्हणजे सीटी हा फेरीचा नंबर आहे, विषाणूंची संख्या नाही. संख्या हवी असेल तर माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने सोबत चालवून तुलना करावी लागते. कोरोनाच्या नेहमीच्या चाचणीचं काम फक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच सांगायचं होतं. किट बदललं की आकडाही बदलू शकतो. त्यामुळे दोन वेगळ्या लॅबचे सीटी शेजारी ठेवून 'माझा चांगला' म्हणणं चुकीचंच होतं.

खरी मोजणी डिजिटल पीसीआर करते. नमुन्याचे साधारण २०,००० सूक्ष्म थेंब करायचे, प्रत्येकात वेगळी पीसीआर होऊ द्यायची आणि चमकलेले थेंब मोजायचे. एका थेंबात दोन तुकडे शिरले असतील, तर तो हिशेब गणिताने दुरुस्त करतात. रक्तात तरंगणारा कॅन्सरचा अगदी थोडा डीएनए शोधायला ही पद्धत वापरतात. पण ती महाग आहे.

याउलट २००० साली जपानी संशोधकांनी मांडलेली लॅम्प पद्धत. तापवणं-थंड करणं नाही, ६०-६५ अंशांवर एकसारखं ठेवायचं. तासाभरात निकाल, तोही रंग बदलून नुसत्या डोळ्यांना दिसेल असा करता येतो. मोजणीत ती कच्ची. पण जिथे मोठं मशीन पोहोचत नाही, तिथे 'आहे की नाही' एवढं कळलं तरी उपचार सुरू होतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट त्याच अडचणीवर दुसऱ्या वाटेने जातं. ती रिअल-टाइम पीसीआरच आहे, फक्त बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मशीनमध्ये. टीबीसाठी तिला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्यता दिली.

आणि हो, नाकातला स्वॅबच वरवर घेतला असेल, तर यातलं कुठलंही मशीन तुमच्या शरीरातला विषाणू मोजत नाही. ते मोजतं फक्त त्या काडीला चिकटलेला.