एंजिनाच्या बेअरिंगांची निवड

नांदेडहून निघालेली एखादी मोटार लोहा मागें टाकून अहमदपूरच्या वाटेला लागते. वैशाखाचें ऊन असतें. चढावर एंजिनांतून ‘ठक् ठक्’ असा जड आवाज येऊं लागतो आणि वंगणाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकतो. लातूर अद्याप दूर असतें. तरीहि शहाणा चालक तेथेंच एंजिन बंद करितो, कारण आणखी थोड्याच अंतरांत दुरुस्तीचा खर्च कैक पटींनीं वाढूं शकतो.

हा ठोका बहुधा झिजलेल्या बेअरिंगाचा असतो. दट्ट्यांची खालीं-वर गति ज्याच्या योगानें फिरण्यांत पालटते, तो क्रँकशाफ्ट अर्धगोल कवचांच्या जोड्यांत फिरतो. पोलादी पाठीवर तांबें-शिसें किंवा ॲल्युमिनियम-कथील यांचा मऊ थर देऊन हीं कवचें करितात. शाफ्ट व कवच यांमध्यें वंगणाची पातळ चादर टिकली, तरच धातूला धातू लागत नाहीं. या फटीचा जुना अदमास असा कीं, जाडीच्या प्रत्येक इंचामागें एक सहस्रांश इंच. म्हणजे ५० मिलिमीटर दांड्यास सुमारें ०.०५ मिलिमीटर. मनुष्याच्या केंसाची जाडीहि साधारण एवढीच!

हीं दोन्ही शहरें ज्या निजामी राज्यांत मोडत, तेथें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं सरकारी मोटारसेवा सुरू झाली. त्या पिढीच्या अनेक एंजिनांत कारागीर पांढरा धातु वितळवून जागच्या जागीं ओतीत व हातानें खरवडून शाफ्टाशीं जुळवीत. आतां बेअरिंगें तयार मिळतात, आणि घोटाळा होतो तो नेमका यामुळेंच. जुन्या कवचाच्या पाठीवर ‘एस्. टी. डी.’ हीं अक्षरें पाहून मालक तसाच नवा संच विकत आणतो. शाफ्टच झिजला असेल, तर नव्या संचांतहि फट मोठीच राहते आणि ठोका परत येतो.

यास्तव प्रथम मायक्रोमीटरनें शाफ्टाचा प्रत्येक दांडा आडवा-उभा मोजावा. तो लंबगोल झाला असल्यास शाफ्ट ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घांसून पुन्हां गोल करावा लागतो. अशा शाफ्टासाठीं ‘अंडरसाइज’ बेअरिंगें घ्यावयाचीं. नांवावरून तीं पातळ वाटतील; वस्तुतः तीं जाड असतात. उणेपणा शाफ्टाचा, बेअरिंगाचा नव्हे. ०.२५ च्या संचांत प्रत्येक कवच ०.१२५ मिलिमीटरनें जाड असतें. त्या मापाचा संच बाजारांत मिळतो कीं नाहीं, हें घांसण्यापूर्वींच पाहावें. मागाहून शोधाशोध करण्यांत अर्थ नाहीं. सुझुकीच्या कांहीं एंजिनांत तर मूळ मापाचेहि हिरवा, काळा, रंगहीन, पिवळा व निळा असे पांच सूक्ष्म भेद आहेत.

कठीण थराचें बेअरिंग अधिक भार सोसतें, परंतु धूळ पोटांत घेत नाहीं; म्हणून निर्मात्यानें सांगितलेली जातच घ्यावी. शाफ्टांतील वंगणाचीं छिद्रें धुतलीं नाहींत, तर जुन्या बेअरिंगाचा चुरा नव्याचा घात करितो. वंगणाच्या छिद्राचें कवच छिद्राच्याच बाजूस बसलें पाहिजे.

शेवटीं दांड्यावर मोजणीचा मऊ प्लास्टिकचा धागा ठेवून टोपी नेमक्या जोरानें आवळावी व पुन्हां उघडून धागा किती पसरला तें पाहावें. धागा जितका कमी पसरेल, तितकी फट मोठी. ती कमी करण्यासाठीं टोपीची कड कानशीनें घांसण्याचा किंवा कवचामागें कागद घालण्याचा उपाय कोणी सुचविल्यास मालकानें साफ नकार द्यावा. टोपीचा गोल एकदां बिघडला म्हणजे तो नव्यानें कोरून घेतल्यावांचून कोणत्याच मापाचें बेअरिंग तेथें नीट बसत नाहीं.