आधी नाडी, मग औषध

मोटारीतील स्वयंचलित वातानुकूलन बिघडले, की ‘गॅस भरून घ्या’ असा सल्ला तत्काळ मिळतो. आम्हांस तो नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखा वाटतो. झोत मंद असल्यास प्रथम हवेची गाळणी पाहावी. एकीकडे थंड व दुसरीकडे उष्ण वारा आल्यास गॅसच्या दाबाबरोबरच झडप फिरविणारी छोटी मोटरही तपासावी. आतील तापमान मोजणाऱ्या संवेदकाच्या जाळीत धूळ साचली, तरी यंत्र फसते. संगणकातील दोषसंकेत दिशा दाखवितो, निवाडा देत नाही. गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरतो. तो बराच घटला, म्हणजे बहुधा गळतीच. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जातो. आणि आर-१३४ए हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापदायक ठरतो. वाचकहो, निदानापूर्वी खिशात हात घालू नये, हेच बरे.