इतिहासाच्या संशोधक विद्यार्थ्याचे शिक्षण : देगलूर तालुक्याच्या कागदपत्रांच्या निमित्ताने

इतिहास विषयात पीएच्.डी. साठी नाव नोंदविणाऱ्या विद्यार्थ्यास प्रबंधलेखनापूर्वी काही नियमबद्ध शिक्षण द्यावे की नाही, हा वाद आता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने निदान एका सत्राचा पूर्वाभ्यास सक्तीचा केला. २०१६ मध्ये त्यास ८ ते १६ श्रेयांकांची मर्यादा घातली गेली. आणि २०२२ च्या नियमावलीने किमान १२ श्रेयांक, त्यांत संशोधन व प्रकाशन यांतील नीतीचा अभ्यास, शिवाय अध्यापन आणि लेखन यांचेही शिक्षण असावे असे ठरविले. मात्र ह्या बारा श्रेयांकांत नेमके काय शिकवावे, हे आयोगाने तपशिलाने सांगितलेले नाही, आणि ते योग्यच झाले. पदार्थविज्ञानाच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यास एकच पथ्य लागू पडत नाही. दुर्दैव असे की, पुष्कळ ठिकाणी ते एकच पथ्य दिले जाते.

प्रस्तुत लेखक हा भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. इतिहासाच्या प्रांतात त्याने बोलणे हा काहींना अतिक्रम वाटेल. परंतु इतिहासाचा कागद हा प्रथम भाषेचा कागद असतो. तो वाचता आला नाही तर पुढील मीमांसेस आधारच उरत नाही. ही गोष्ट सर्वमान्य असली तरी तिचे परिणाम किती खोलवर जातात हे सहसा ध्यानी येत नाही, म्हणून आमच्याच तालुक्याचे उदाहरण घेतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘देगलूर तालुक्यातील जमीनधारणा, १९०० ते १९५६’ असा विषय घेतला. विषय लहान आणि घराजवळचा, म्हणून सोपा, असे त्यास वाटणार. पण जुना देगलूर तालुका आज एका राज्यात नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ह्या तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. आज ती तेलंगणात आहेत. उरलेला तालुका नांदेड जिल्ह्यासह मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. निजामी राजवटीचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेच्या राज्य अभिलेखागारात राहिले. म्हणजे विद्यार्थ्याच्या एका तालुक्यासाठी दोन राज्यांचे दरवाजे ठोठवावे लागतात, आणि दरवाजा उघडल्यावर आत जे दिसते ते एका लिपीत नसते.

गावपातळीवरील हिशेब, सावकारी वह्या, घरगुती खते ही बहुधा मोडीत. मोडीचे अक्षर हात न उचलता लिहिलेले असते; दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही; ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात, आणि शब्द कोठे तोडावा हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवावयाचे असते. अर्थावरून तोडावयाचे म्हणजे तो अर्थ आधी ठाऊक असावा लागतो. तारखेपूर्वी येणारा ‘छ’ हा चांद्रतिथीचा निर्देश आहे हे ज्यास सांगितलेले नाही, तो त्यास एखाद्या शब्दाचे आद्याक्षर समजून भलताच शब्द तयार करतो. वर्णमाला पाठ करणे हे आठ दिवसांचे काम होय. कागद वाचणे हे वर्षाचे.

वरच्या कचेऱ्यांतील व्यवहार उर्दूत. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. घाईने लिहिलेल्या शिकस्ता वळणात नुक्ते गाळलेले असतात, आणि नुक्ते गेले की ब, प, त, न यांची आरंभीची व मधली रूपे एकसारखी होतात. सामान्य शब्द संदर्भावरून ओळखता येतो, पण गावाचे नाव कसे ओळखणार? येथे मात्र आमच्या विद्यार्थ्याचे पारडे जड असते. ज्यास तालुक्यातील गावे, वाड्या, तांडे तोंडपाठ आहेत, त्यास जे नाव सुचते ते बाहेरच्या पंडितास सुचत नाही. बाजारच्या दिवशी मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी ह्या चारही बोली ज्याच्या कानावर पडतात, त्याच्या ह्या भांडवलाचा कोणत्याही अभ्यासक्रमात उल्लेख नसतो.

कालगणनेचे पाहा. हैदराबादी फसली सनाचे वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले की आरंभीच्या महिन्यांचे आणि ५९१ मिळविले की जानेवारीनंतरचे इसवी वर्ष येते. उत्तर हिंदुस्थानच्या फसलीत ५९२ वा ५९३ मिळवावे लागतात. आता १३५७ फसली अखेरचा एखादा कागद समोर आहे असे धरा. तो सप्टेंबर १९४८ चा, म्हणजे पोलीस कारवाईच्या ऐन दिवसांतला. उत्तरेकडील कोष्टक लावणारा विद्यार्थी तो १९५० मध्ये नेऊन ठेवील, आणि संस्थान संपल्यावर दोन वर्षांनी निजामी कचेरीतून हुकूम कसा निघाला, ह्याची मोठी विद्वत्तापूर्ण उपपत्ती मांडील!

परंतु सर्वांत घातक चूक लिपीची किंवा तारखेची नव्हे, परिभाषेची असते. १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ च्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्यात पट्टेदार, शिकमीदार आणि असामी शिकमी असे भेद आहेत. शिकमीदार म्हणजे पट्टेदाराप्रमाणेच ज्याचा जमिनीवर हक्क आहे, अथवा जो मूळपासून त्याच्याबरोबर कब्ज्यात आहे असा इसम. असामी शिकमी हा पट्टेदाराकडून वा शिकमीदाराकडून जमीन घेऊन कसणारा. दोहोंत ‘शिकमी’ हा शब्द समान. दर्जात मात्र सहहिस्सेदार आणि कूळ एवढे अंतर. मुंबई इलाख्यावरील ग्रंथ वाचून तयार झालेला विद्यार्थी ह्या दोघांनाही सरसकट ‘कूळ’ म्हणून मोकळा होतो. मग १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने कोणास संरक्षण मिळाले आणि कोणास ते मुळात नकोच होते, हा त्याच्या प्रबंधाचा गाभाच नाहीसा होतो. ‘मक्ता’ ह्या शब्दाचेही तसेच. आपल्या बोलण्यात तो ठेका. हैदराबादेच्या महसुली भाषेत ठरावीक साऱ्यावर दिलेल्या जमिनीचा तो एक धारणाप्रकारही आहे. असे शब्द शब्दकोशात पाहून भागत नाही. ते पाच-पन्नास कागदांत कसे येतात हे टिपून, त्यांची स्वतःची सूची विद्यार्थ्याने करावी लागते. भाषाशास्त्रज्ञ बोलीच्या अभ्यासात नेमके हेच करीत असतो.

विषय मागे नेला तर अडचण वाढते. शाहजहानच्या काळी नांदेड हे तेलंगण सुभ्याचे ठाणे होते. तेथील कागद फारसी. त्याहून मागे गेल्यास होट्टलची चालुक्यकालीन देवळे व कंधारचे राष्ट्रकूटकालीन अवशेष लागतात, आणि शिलालेखांत जुनी कानडी भेटते. नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा जो संग्रह १९६८ मध्ये नांदेडहून प्रसिद्ध झाला, तो रित्ती आणि शेळके ह्या दोघांचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कानडी पुराभिलेखांचा जाणकार आणि स्थानिक अभ्यासक एकत्र आले तेव्हाच ते काम झाले. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी ह्यांनी संस्थानच्या नोकरीत असता फारसी साधनांवर प्रभुत्व मिळविले आणि गोंडी व कोलामी ह्या भाषांचाही अभ्यास केला. एका माणसात हे सर्व एकवटणे हा अपवाद. त्यावर अभ्यासक्रम उभारता येत नाही.

पूर्वी हे शिक्षण कसे मिळे? वि. का. राजवाडे ह्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. मंडळात ग. ह. खरे ह्यांच्यासारख्या संशोधकांनी मोडी, फारसी, शिलालेख, नाणी ह्यांचा अभ्यास कागदांच्या सहवासातच केला. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा मराठ्यांचा इतिहास आणि भाषाशास्त्र हे विभाग एकाच आवारात नांदू लागले. युरोपातही पॅरिसची सनदालेखांची शाळा १८२१ मध्ये निघाली ती जुनी लिपी व दस्तऐवज वाचण्यासाठीच, आणि रांकेने बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन बसण्याची जी पद्धत पाडली तिच्यातही मूळ साधनांची चिकित्सा हाच मुख्य उद्योग असे. पुण्याच्या परंपरेबद्दल प्रस्तुत लेखकास आदर आहे. पण ती उमेदवारीची परंपरा होती. ज्यास पुण्यात राहणे परवडले आणि ज्यास कोणी जवळ बसू दिले, त्यास ती लाभली. देगलूरच्या शेतकरी घरातल्या मुलास किंवा मुलीस ती कशी लाभावी? नियमबद्ध शिक्षणाचे खरे समर्थन हेच आहे. जे ओळखीने मिळत असे ते वेळापत्रकाने मिळावे.

आणि वेळापत्रकात आज काय असते? एका ठिकाणच्या पूर्वाभ्यासाची प्रश्नपत्रिका काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. गृहीतकाची व्याख्या, नमुनानिवडीचे प्रकार, संदर्भसूचीची पद्धत, संगणकावर तक्ते करण्याची रीत एवढाच तिचा पसारा. त्या परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला एक विद्यार्थी पुढे आपल्याच आजोबांच्या नावची एक मोडी सनद घेऊन आला. तो ती उलटी धरून होता. ह्यात त्याचा दोष नव्हता. त्याला जे शिकविले ते त्याने चोख आत्मसात केले होते.

यास्तव सूचना अशी की, बारांपैकी निदान चार श्रेयांक कागदवाचनाला द्यावेत, आणि ते व्याख्यानाने नव्हे तर आठवड्यातून एकदा, तीन तास, सर्वांनी मिळून एकच कागद वाचण्याने भरावेत. प्रत्येकास सर्व लिप्या नकोत. विषयानुसार एक लिपी पक्की, दुसरीची तोंडओळख पुरे. मोडीचे वर्ग राज्य पुराभिलेख विभाग आणि पुण्याचे मंडळ चालवितात. उर्दूसाठी दूर जावयास नको, देगलूरच्या उर्दू शाळांतले निवृत्त शिक्षक ह्या कामी बोलाविता येतील. विद्यापीठाने त्यांचे मानधन मंजूर करावे एवढेच हवे. परीक्षा निबंधाची नसावी. पूर्वी न पाहिलेला एक कागद द्यावा. विद्यार्थ्याने त्याचे लिप्यंतर करावे, तारीख बसवावी, तीन पारिभाषिक शब्दांचा अर्थ आधारासह सांगावा, आणि जे अक्षर लागले नाही तेथे टिंबे द्यावीत. टिंबांबद्दल गुण कापू नयेत. टिंबांच्या जागी अंदाजाने शब्द घातला असेल तर मात्र अवश्य कापावेत.