लेस्टर पुढे, ब्रॅडफर्ड मागे : असे का?

२४ ऑक्टोबर २०२२ला लक्ष्मीपूजन होते. त्याच दिवशी ऋषी सुनक यांची हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. फराळाच्या फोटोंसोबत आपल्याकडच्या फोनांवर एक तुलनाही फिरू लागली. भारत आणि पाकिस्तान हे दोन देश एकाच वेळी स्वतंत्र झाले, दोघांचीही माणसे पोटापाण्यासाठी साहेबाच्याच देशात गेली. आज एकांचा माणूस पंतप्रधान आहे आणि दुसरे टॅक्सी चालवताहेत, असा तिचा मथितार्थ. पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाचे चिरंजीव सादिक खान त्या वेळी सहा वर्षे लंडनचे महापौर होते. ते या गोष्टीत बसत नाहीत, म्हणून गाळले जातात.

फरक मात्र खरा आहे. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ची ताशी कमाई वंशगटांनुसार मांडली. गटातल्या बरोबर मधल्या माणसाची कमाई पाहिली, तर भारतीय वंशाच्या नोकरदाराला तासाला १३.४७ पौंड मिळत होते, गोऱ्या ब्रिटिशाला १२.०३ आणि पाकिस्तानी वंशाच्या नोकरदाराला १० पौंड. बांगलादेशी त्याहून खाली, ९.६० पौंडांवर. घराचा खर्च वजा करून दारिद्र्य मोजले तर पाकिस्तानी वंशाचे सुमारे निम्मे लोक त्यात सापडतात. एवढी दरी काही योगायोगाने पडत नाही. तिची जी कारणे चहाच्या टेबलावर सांगितली जातात, ती तेवढी तपासायला हवीत.

गैरसमज : दोघेही एकाच रेषेवरून धावायला लागले

ब्रिटनमधले बहुसंख्य पाकिस्तानी हे लाहोर-कराचीचे नव्हेत. ते पाकव्याप्त काश्मीरच्या एका टोकाला असलेल्या मीरपूर जिल्ह्यातले आणि त्याच्या आसपासचे. पावसावरची शेती आणि तुटपुंज्या जमिनी असलेला हा मुलूख. झेलम नदीवरचा होड्यांचा धंदा रेल्वेने मोडल्यावर इथली माणसे मुंबई बंदरात येऊन आगबोटींवर भट्टीत कोळसा घालण्याच्या कामाला लागली. जहाजावरचे सर्वांत उष्ण, सर्वांत हलके मानले गेलेले काम. त्यांतले काही ब्रिटिश बंदरांत उतरले ते परतलेच नाहीत आणि दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांत लागले. फाळणीने मुंबई बंदर परमुलखात गेले. विलायतेत मागे राहिलेले ते मूठभर खलाशी मात्र पुढच्या हजारोंचा पत्ता ठरले.

मग धरण आले. १९६०च्या सिंधू जलकरारानंतर झेलमवर मंगला धरण बांधायला घेतले आणि १९६७मध्ये ते पूर्ण झाले. जुने मीरपूर शहर आणि अडीचशेहून अधिक गावे पाण्याखाली गेली, लाखभर माणसे उठली. कोयनेचे किंवा उजनीचे धरणग्रस्त पाहिलेल्या वाचकाला यापुढचे फार समजावून सांगावे लागणार नाही. नुकसानभरपाईचे पैसे कुणी तिकिटात घातले आणि आधीच गेलेल्या भावाकडे, चुलत्याकडे वाट धरली.

ती वाट पोहोचत होती ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत आणि लँकेशरच्या सूतगिरण्यांत. महागडी यंत्रे चोवीस तास चालवायची होती आणि रात्रपाळीला गोरे कामगार तयार नव्हते. ती पाळी मीरपूरच्या माणसांनी भरली. अख्खी पाळी एकाच पंचक्रोशीतली, त्यामुळे इंग्रजी शिकण्याची गरज नव्हती आणि वेळही नव्हता. बहुतेकांचा बेत चार पैसे साठवून घरी परतण्याचा होता. ब्रिटनने १९६२मध्ये राष्ट्रकुलातल्या नागरिकांच्या प्रवेशावर बंधने घातली आणि हा बेत उलटला. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने माणसे तिथेच थांबली आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागली. लोक येऊ नयेत म्हणून केलेल्या कायद्याने वस्ती कायमची केली.

आणि नेमक्या त्याच काळात गिरण्यांचा प्राण चालला होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उत्तर इंग्लंडचा कापडधंदा कोसळला. ब्रॅडफर्डची प्रसिद्ध लिस्टर मिल १९९२मध्ये बंद पडली. पन्नाशीला आलेला, हातात दुसरे कौशल्य नसलेला कामगार काय करणार? टॅक्सी, टपरीवजा खाद्यपदार्थांचे दुकान, नाहीतर बेकारभत्ता. गिरणगावातल्या कुटुंबांनी १९८२च्या संपानंतर हेच पाहिले. गिरणी कामगाराच्या मुलाने पुढे काय केले, याचे उत्तर त्याच्या ‘संस्कृती’त शोधायला आपण परळला जात नाही. ब्रॅडफर्डला मात्र खुशाल जातो.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमधल्या भारतीयांत साउथॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टनचे शेतकरी घरांतले पंजाबी शीख आहेत, ज्यांची सुरुवात मीरपूरकरांपेक्षा फार वेगळी नव्हती. पण त्यांच्या जोडीला दोन मोठे गट होते, जे मीरपूरकडे नव्हते. एक, सरकारी आरोग्यसेवेने भारतातून बोलावलेले डॉक्टर. ब्रिटनमधली पहिल्या पिढीची बरीच मराठी कुटुंबे याच वाटेने गेलेली. असे डॉक्टर पाकिस्तानातूनही आले, पण मीरपूरच्या गर्दीत त्यांचे प्रमाण झाकले गेले. आणि दुसरा गट पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजरात्यांचा. सुनक यांचे घर या दुसऱ्या गटाजवळचे : कूळ पंजाबी, पण वडील केनियात जन्मलेले, आई टांगानिकात, ब्रिटनमध्ये वडील डॉक्टर, आई औषधविक्रेती.

गैरसमज : युगांडातून आलेले भारतीय रिकाम्या हातांनी आले

खिसे रिकामे होते, हे खरे. ४ ऑगस्ट १९७२ला इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. सोबत जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड नेता येत होते. सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनला आली आणि आधी लष्कराच्या जुन्या छावण्यांत राहिली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, आमच्या गावी येऊ नका, असे कळवले होते.

पण हात रिकामे नव्हते. या कुटुंबांचे पहिले स्थलांतर पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत वर गोरे, खाली आफ्रिकी आणि मध्ये आशियाई अशी उतरंड रचली होती. त्या मधल्या पायरीवर दुकानदारी, कारकुनी, हिशेब, बँकेचे व्यवहार आणि इंग्रजी शाळा हे सारे त्यांच्या वाट्याला आले. कंपालात जप्त झाले ते दुकान. वही कशी लिहायची, उधारी कशी सांभाळायची आणि मालासाठी कोणाला फोन करायचा, हे काही जप्त करता येत नव्हते. ही माणसे कंपालाच्या पेढीवरून लेस्टरच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आली, मीरपूरकर नांगरावरून थेट रात्रपाळीत.

तरी त्यांचीही चढण सरळ नव्हती. कालचा मालक आज कारखान्यात पट्ट्यावर उभा राहिला. लेस्टरच्या इम्पिरियल टाइपरायटर्समध्ये १९७४ साली आशियाई कामगारांनी भेदभावाविरुद्ध संप केला आणि त्यांच्याच कामगार संघटनेने त्यांच्याकडे पाठ फिरवली. लंडनच्या ग्रुनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यात १९७६ ते १९७८च्या संपात जयाबेन देसाई साडी नेसून, वर कोट चढवून दारावर उभ्या राहिल्या. तो संप फसला. यशोगाथेत हे संप येत नाहीत. निमूटपणे खपून वर आलेला समाज दाखवायचा असला, की जयाबेन अडचणीच्या होतात.

गैरसमज : फरक धर्माचा आहे

हा सगळ्यांत लाडका. याला उत्तर द्यायला लांब जायला नको; लँकेशरमधल्या ब्लॅकबर्न आणि बोल्टनला किंवा यॉर्कशरमधल्या बॅटलीला जावे. तिथे भरूच आणि सुरत जिल्ह्यांतून गेलेल्या गुजराती मुसलमानांची मोठी वस्ती आहे. जनगणनेत ते भारतीय. गेले ते गिरण्यांतच. आणि त्यांची कहाणी लंडनच्या हॅरो उपनगरातल्या गुजरात्याच्या कहाणीपेक्षा ब्रॅडफर्डच्या पाकिस्तानी शेजाऱ्याच्या कहाणीशी अधिक जुळते. पूर्व आफ्रिकेतून आलेले मुसलमान व्यापारी मात्र आफ्रिकेतल्या हिंदू व्यापाऱ्यांच्या मार्गाने गेले. धर्म एक, वाटा दोन. धंदा एक, तर धर्म वेगळा असूनही वाट एक.

दुसरा पुरावा अटलांटिकपलीकडे आहे. अमेरिकेने १९६५मध्ये कायदा बदलला आणि आशियाई माणसाला शिक्षण व कौशल्याच्या जोरावर दार उघडले. त्या दारातून गेलेल्या प्रौढ भारतीयांत चारातले तीन पदवीधर आहेत, जे प्रमाण भारतात कोणत्याही शहरात सापडायचे नाही. अमेरिकेतल्या पाकिस्तान्यांतही निम्म्याहून अधिक पदवीधर. परदेशात शिकून तिथे गेलेल्या डॉक्टरांत भारताच्या पाठोपाठ पाकिस्तानचे नाव वरच्या क्रमांकांवर असते आणि पाकिस्तानी कुटुंबांचे उत्पन्न अमेरिकेच्या मधल्या पातळीच्या वर आहे. देश तोच, धर्म तोच. एका दाराने गिरणीमजूर मागितला, दुसऱ्याने डॉक्टर.

गैरसमज : पाकिस्तानी सरकारी घरांत राहतात, भारतीय सगळे श्रीमंत

२०१६ ते २०१८च्या इंग्लंडमधल्या आकड्यांनुसार ७४ टक्के भारतीय कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. गोऱ्या ब्रिटिशांत ६८ टक्के. आणि पाकिस्तानी? ५८ टक्के. एवढ्या कमी कमाईत निम्म्याहून अधिक कुटुंबांचे स्वतःचे घर, याचे श्रेय बिरादरीतल्या बिनव्याजी उसनवारीला आणि उत्तरेकडच्या स्वस्त चाळवजा घरांना. फक्त, ब्रॅडफर्डचे घर आणि हॅरोचे घर यांची किंमत एका पानावर लिहिता येत नाही. लंडनजवळ घर घेतलेल्याची मुले निव्वळ भाववाढीने सधन झाली.

उलट, भारतीयांची मधली कमाई गोऱ्यांहून जास्त असली, तरी घरखर्च वजा करून मोजलेले त्यांचे दारिद्र्य गोऱ्यांपेक्षा कमी नाही. भारतीय गटात डॉक्टर आणि बँकर आहेत तसे गोदामातले हमालही आहेत, आणि एका मधल्या आकड्याखाली दोघेही झाकले जातात.

गैरसमज : संस्कृतीचा काहीच संबंध नाही

हा विरुद्ध बाजूचा गैरसमज. सुशिक्षित मंडळींत जास्त आढळतो. ब्रॅडफर्डमध्ये २००७पासून हजारो बाळांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. सुरुवातीच्या तुकडीत पाकिस्तानी वंशाच्या मातांपैकी सुमारे ६० टक्क्यांचे लग्न चुलत-मामे नात्यात झालेले होते आणि सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नातून बाळांत जन्मजात दोषांचा धोका सुमारे ३वरून ६ टक्क्यांवर जातो, असे दिसले. मीरपूरहून जोडीदार आणण्याच्या रिवाजाने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक पिढीत घरातले एक पालक नव्यानेच आलेले, इंग्रजी न येणारे राहिले. पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत नोकरी करणाऱ्यांचे प्रमाण बराच काळ फार कमी होते, त्याचा उत्पन्नावर परिणाम होणारच. दोन पगारांचे घर आणि एका पगाराचे घर यांत फरक पडतो. हे सांगायला संकोच कशाला?

पण रीत दगडावरची रेघ नसते. त्याच अभ्यासाच्या दशकभरानंतरच्या तुकडीत नात्यातल्या लग्नांचे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले. मुली शिकल्या आणि प्रवेशाचे नियम कडक झाले, त्याबरोबर रीत सैलावली.

आणि दाराबाहेरचे काय? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे बनावट नोकरीअर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २०१९मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार गोऱ्या ब्रिटिश नावाएवढे प्रतिसाद मिळवायला अल्पसंख्य नावांना सरासरी ६० टक्के अधिक अर्ज करावे लागले. पाकिस्तानी नावांना ७० टक्के. यात घरातली कोणतीच रीत आडवी आली नव्हती, आडवे आले ते नाव.

गैरसमज : मागे राहिलेला मागेच राहणार

याचे उत्तर थोडक्यात, आणि ते पाकिस्तान्यांपेक्षाही गरीब असलेल्या बांगलादेशींकडून. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये ऐंशीच्या दशकात सिल्हेटहून आलेल्या कुटुंबांची मुले शाळेत तळाशी होती. त्या भागातल्या शाळांवर पुढे पैसा आणि चांगले शिक्षक दोन्ही आले. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या वर असते. ब्रॅडफर्डला लंडन जवळ नव्हते.

ब्रिटनमधले सगळे नवे भारतीय लेस्टरच्या जुन्या पेढीवाल्यांसारखे नाहीत, हे गोव्यातल्या वाचकाला ठाऊक असेल. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर गोव्यातली हजारो माणसे ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटनला गेली आणि स्विंडन गावात त्यांची मोठी वस्ती झाली. दीव-दमणची माणसे तशीच लेस्टरला पोहोचली. त्यांतले पुष्कळजण गोदामांत, पॅकिंगच्या पट्ट्यांवर किंवा कपड्यांच्या छोट्या कारखान्यांत राबतात, अनेकदा रात्रपाळीला. पुढच्या वेळी भारतीय आणि पाकिस्तानी यांची तुलना करणारा तक्ता फोनवर आला, तर एवढे जरूर विचारा : यात कोणत्या साली, कोणत्या कामासाठी आलेले लोक मोजले आहेत? ते लिहिले नसेल, तर तो तक्ता पुढे पाठवू नका.