संगणकाच्या स्मृतीचा ताळा

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्स परिसरातील स्कारबेक येथे मतदान संगणकावर, चुंबकीय कार्डांच्या साहाय्याने घेण्यात आले होते. मोजणीत एका उमेदवाराची मते शक्य त्या संख्येपेक्षाही अधिक भरली. कार्डे पुन्हा वाचली, तेव्हा ती नेमकी ४०९६ ने कमी झाली. इतरांचे आकडे जसेच्या तसे राहिले.

हा आकडाच चुकीचा माग सांगत होता. संगणक प्रत्येक संख्या शून्य व एक या दोनच अंकांत मांडतो. दशमान पद्धतीत डावीकडे सरकताना अंकाचे मूल्य दहापट होते, येथे दुप्पट. त्यामुळे तेराव्या घराचे मूल्य ४०९६ असते. आज्ञावलीत दोष आढळला नाही. स्मृतीतील त्या एका घरात शून्याचा एक झाला असावा, असे तज्ज्ञांचे अनुमान होते.

स्मृतीतील प्रत्येक अंक म्हणजे अतिसूक्ष्म विद्युत्भार. चिपच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण तो बिघडवू शकतात, हे इंटेल कंपनीतील टिमोथी मे व मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉनही तेच करतात. चिप मुळातच सदोष असणे, हे आणखी एक कारण. गूगलच्या सर्व्हरांविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या होत्या.

उपायाचे मूळ मात्र याहून जुने आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग आठवड्याअखेरीस आपली गणिते यंत्रावर लावून जात. चूक आढळली की यंत्र ते गणित सोडून पुढचे घेई, आणि सोमवारी हाती काही नसे. यंत्राला चूक कळते, तर तिची जागा का कळू नये? या प्रश्नातून त्यांची दोषसुधारक संकेतपद्धती सिद्ध झाली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

जमाखर्चाच्या तक्त्यात आडव्या व उभ्या बेरजा घेतात. एक ओळ आणि एक रकाना जुळला नाही, तर त्यांच्या छेदावरील आकडा चुकलेला असतो. हॅमिंग यांची रीत याच जातीची आहे. शिवाय अंक दोनच असल्याने जागा कळली की दुरुस्ती ठरलेलीच. प्रचलित रचनेत ६४ अंकांमागे ८ अंक ताळ्याचे असतात. म्हणूनच अशा पट्टीवर बहुधा आठांऐवजी नऊ चिप दिसतात. एक अंक चुकला तर तो सुधारला जातो. दोन चुकले तर सुधारणा होत नाही, पण चूक लपत नाही.

अशी पट्टी बसविल्याने मात्र काम भागत नाही; प्रोसेसर व मदरबोर्ड दोहोंनाही ती सोय हवी. डीडीआर-५ चिपमध्ये अंतर्गत दुरुस्ती असते खरी, परंतु चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरील चूक तिला कळत नाही. आणि लेखनिकाने मुळातच चुकीचा आकडा भरला, तर कोणतीही स्मृती तो निष्ठेने जपणारच.

दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद सर्व्हरच्या नोंदवहीत होत असते. एकाच पट्टीच्या नावे ती वारंवार पडू लागली, तर ती पट्टी बदलून घ्यावी.