पडद्यावरचा पाटील

मराठी चित्रपटातला खलनायक म्हटला की आमच्या जुन्या जालन्यात अजूनही एकच नाव निघते: निळू फुले. 1968 साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. नायकाशी मारामारी करून शेवटी आडवा होणारा हा खलनायक नव्हे. तो खालच्या आवाजात, शब्द ओढून बोलतो. ज्याच्या हाती सोसायटीचे कर्ज, त्याने ओरडावे कशाला?

जब्बार पटेल दिग्दर्शित, तेंडुलकरलिखित 'सामना' 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला हिंदुराव सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. मारुती कांबळे नाहीसा होतो आणि गाव गप्प बसते. माझे आजोबा सालगडी होते. त्यांना सिनेमाची गोडी नाही. पण हिंदुराव त्यांनी लगेच ओळखला. "आमचा मालक असाच हळू बोलायचा," एवढेच म्हणाले.

गंमत अशी, की निळूभाऊ स्वतः राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते. पुण्यात माळीकाम केलेले. बायका मात्र त्यांना खरोखरच वचकून असत! 'सिंहासन'मध्ये (1979) त्यांनी सत्तेचा खेळ पाहून सुन्न होणारा पत्रकार दिगू उभा केला. आजोबांना तो दाखवायचा राहिला आहे.